भाऊजींनी दुरुस्त केलेलं दार

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, या जगात एकच गोष्ट जमत नाही: ‘मला जमत नाही’ असं म्हणणं. तीस वर्षं एका गोदामात स्टोअरकीपर होते. कमरेला चाव्यांचा जुडगा लटकवायचा आणि संध्याकाळी कुलपं लावून घरी यायचं, एवढंच काम. त्या जोरावर कुलूप म्हटलं की आपल्यालाच विचारावं, असा त्यांचा तोरा. अहो, चाव्या सांभाळून कुलपातलं कळायला लागलं असतं, तर बँकेच्या दारावरचा रखवालदार अर्थमंत्री नसता का झाला?

निवृत्त झाल्यापासून त्यांनी घर दुरुस्तीला काढलंय. घराचं नशीब, दुसरं काय! न्हाणीघरातला नळ त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून तो फडकं गुंडाळून पिळल्याशिवाय बंद होत नाही. पंखा दुरुस्त केला, तो आता झाडूच्या दांड्याने ढोसल्याशिवाय फिरत नाही. कपाटाला गुडघा द्यावा लागतो. या सगळ्या खुब्या ताईने मुकाट्याने शिकून घेतल्या. भाऊजी खुर्चीत बसून म्हणतात, "बघ, कसा पळतोय पंखा!" आणि ताई झाडू कोपऱ्यात ठेवत म्हणते, "हो ना."

गेल्या वर्षी पुढच्या दाराची बिजागरी सैल झाली. ताई म्हणाली, सुताराला बोलवू या. "सुतार कशाला? मी मेलोय का?" डब्यात सापडले ते आखूड स्क्रू त्यांनी ठोकले. हो, ठोकले, हातोडीने. दार खाली बसलं आणि लॅचची जीभ चौकटीत अडकायला लागली. ताईने त्यावरही तोड काढली. मूठ धरून दार जरासं वर उचलायचं, मग खटका फिरवायचा. भाऊजींना याचा पत्ताच नाही, कारण ते बेल वाजवतात आणि दार उघडतं. तीस वर्षं चाव्या खुळखुळवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या दाराला वर्षभरात एकदाही किल्ली लावली नव्हती.

लावली ती नेमकी त्या दिवशी. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डावा डोळा कधीच गेलाय, आणि उजव्याने आता तिला समोरच्या माणसाचं तोंडही धड दिसत नाही. डॉक्टर त्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदाच येतात. नऊला हजर नसलं की नंबर गेला. चार महिने थांबून ही तारीख मिळालेली. सकाळी भाऊजी पेपर आणायला खाली गेले, दार ओढून घेतलं. परत आले तेव्हा ताई आंघोळीला गेलेली, म्हणून साहेबांनी स्वतः किल्ली लावली. ती जागची हलेना.

मी सव्वाआठला तिला न्यायला पोचले, तर हे दाराला खांदा लावून लालबुंद झालेले. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली तेलाची बाटली पायाशी, आणि कुलपाच्या भोकातून तेलाचा ओघळ थेट पायपुसण्यावर.

"भाऊजी, खाण्याचं तेल ओतलंत? ते चिकटून बसतं!"

"तू मला शिकवू नकोस. अशी छप्पन कुलपं बघितलीत मी."

आतून ताईचा आवाज आला. "अहो, जरा दार सोडा ना. तुम्ही ढकलू नका, मी..."

"तू मध्ये बोलू नकोस!" भाऊजी ओरडले. "आत राहून तुला काय कळणार?"

मी शिवणकाम करते. मशीन अडलं की आधी हात काढून घ्यावा आणि मग बघावं, हे मला वीस वर्षांच्या धंद्याने शिकवलंय. पण भाऊजी समोर आले की माझं डोकंच फिरतं. म्हटलं, व्हा बाजूला. ते कसले होतायत? मग मीही शेजारी उभं राहून दाराला धक्के द्यायला लागले.

"खालून मार! खालून!"

"खालून कशाला? लॅच वर आहे! आणि तो पंखा कसा दुरुस्त केलात ते आधी आठवा!"

"पंख्याचा इथे काय संबंध? पळतोय की!"

"अगं, ऐक ना माझं," ताई आतून म्हणाली. "तुम्ही दोघं जरा..."

"ताई, तू नको काळजी करूस, आम्ही बघतो," मी म्हटलं आणि पुन्हा भाऊजींवर तुटून पडले. नळ काढला, कपाट काढलं, लग्नात यांनी मांडवाचा दिवा दुरुस्त करून अंधार केला होता तेही काढलं. तेही काही कमी नव्हते. माझी जीभ, माझा स्वभाव, सगळ्याचा उद्धार झाला. कोपऱ्यावर किल्लीवाला बसतो, हे दोघांनाही माहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवटी घड्याळात नऊला पाच कमी बघितले आणि मी धावत खाली गेले.

किल्लीवाला म्हातारा, जाड चष्म्याचा. जिना चढून आला, पिशवी खाली ठेवली. भाऊजींनी लगेच छप्पन कुलपांची कहाणी सुरू केली. त्याने हाताने थांब म्हणून खूण केली आणि दाराला कान लावला.

"बाई, काय म्हणताय?"

"त्यांना दारापासून लांब व्हायला सांगा," ताई म्हणाली. "रेटा असला की मला दार उचलता येत नाही."

"व्हा मागे," तो म्हणाला. आम्ही दोघं दोन पावलं मागे सरलो. आत मूठ उचलल्याचा आवाज आला, टक् झालं आणि दार उघडलं. ताई फाइल छातीशी धरून, चपला घालून उभी. किल्लीवाल्याने पिशवी उघडलीसुद्धा नाही.

आम्ही साडेनऊला पोचलो. काउंटरवरची बाई म्हणाली, नंबर पुढच्याला दिला, आता पुढच्या महिन्यात येऊन नवी तारीख घ्या. मी भांडले, रडले, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. भाऊजी आलेच नव्हते. कुलूप खोलून आत काय बिघाड झालाय ते बघायला घरी थांबले होते, धन्य तो माणूस.

बाकावर ताईशेजारी बसून मी त्यांना शिव्या घालत होते. आंधळी करून सोडेल तुला हा माणूस, म्हटलं. तीस वर्षांत एकदा तरी तुझं ऐकलं का याने?

ताईने फाइलची दोरी बांधली. मग माझ्याकडे तोंड वळवलं, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे राहिली.

"धक्के तूही मारत होतीस ना गं?" ती म्हणाली. "आतून मला तुमच्यातलं कोण कुठलं ते कळतच नव्हतं."

मी तिचा हात धरला आणि उठायला मदत केली. यावेळी ती काय म्हणते त्याची वाट बघत.