ओदीलने मुद्दाम केलेली चूक

जिनिव्हात ओदील रोशाला ओळखणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं, पण तिचं लिहिणं जगभरच्या प्रयोगशाळांत वाचलं जायचं. ती प्रथिनांच्या नोंदी करायची. शोधनिबंध वाचायचे, कुठलं प्रथिन पेशीत कुठे राहतं नि काय काम करतं ते ठरवायचं, आणि चार ओळींत लिहायचं. नोंदीखाली नाव घालायची मात्र पद्धत नाही. पत्राच्या उत्तराखालीही नुसतं 'नोंदणी कक्ष'. सगळी नोकरी बाईने अशी बिननावाची काढली.

आणि पत्रं यायची ती फक्त चूक सापडली की. चांगलं लिहिलंत म्हणून कोण कशाला लिहितोय! त्यातही स्वीडनमधल्या उप्सालाच्या हेडलुंड या म्हाताऱ्या जिवाणू-संशोधकाची पत्रं ठरलेली. तो आधी खरडपट्टी काढी, मग शेवटी तिकडच्या बर्फाबद्दल, आपल्या गुडघ्याबद्दल दोन ओळी लिही. तिच्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं.

"आला का गं मास्तरांचा रट्टा?" शेजारच्या टेबलावरचा फाब्रिस चिडवायचा. पन्नाशीची बाई, पण चक्क लाजायची.

पुढे तिचा हात इतका बसला की चुकाच होईनात. पत्रं थांबली. तळ्यावरून हिवाळ्याचा बोचरा बीझ वारा सुटला, ओसरला, तरी ती वाट बघतच होती. शेवटी एक दिवस हेडलुंडच्या लाडक्या जिवाणूच्या नोंदीत तिने लिहून टाकलं: हे प्रथिन केंद्रकात राहतं. जिवाणूला केंद्रक नसतंच, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. म्हातारा तुटून पडणार!

पत्र आलं नाही. उलट, सारखी दिसणारी प्रथिनं हुडकून एकाची नोंद दुसऱ्याला चिकटवणाऱ्या प्रोग्रामने ते केंद्रक शेकडो जिवाणूंच्या गळ्यात मारलं.

"हे कुणाचं पाप?" फाब्रिसने कपाळाला हात लावला. सगळं निस्तरल्यावर ओदीलने न राहवून उप्सालाला फोन लावला.

"नोंदणी कक्षातून बोलतेय. ती केंद्रकाची चूक तुमच्या नजरेला आली नव्हती का?"

"आली की! पण लिहायचं कुणाला? पूर्वी तिथे कुणीतरी माणूस होतं. फार मन लावून करायचं. असला गाढवपणा माणसाच्या हातून होत नाही. म्हटलं, त्याला काढून मशीन बसवलं असणार. वाईट वाटलं हो. तुम्ही कोण?"

खरं सांगितलं, तर त्याच्या मनातलं ते मन लावून काम करणारं माणूसही जाणार होतं.

"मी नवीन आहे," ती म्हणाली.