हानासु

जपानमधल्या आमच्या फुनाबोरीच्या घराच्या बाल्कनीत लेकीनं चतुर पकडला होता. डबा माझ्यापुढं धरून तिनं विचारलं, “बाबा, हानासु?”

“बोल ना,” मी म्हटलं.

ती हसली. “बोलायचं नाही, सोडायचं.”

जपानीत दोन्हीला हानासुच म्हणतात, हे मला आज कळलं. डब्यातल्या ओल्या गवताचा वास नाकात गेला आणि चिबाच्या डोंगरातली ती सकाळ आठवली.

तेव्हा मी इथे नवीन होतो. बाज पाळून त्यांना शिकार शिकवणारे आमचे शेजारी, म्हातारे मोरिता-सान, मला मदतीला घेऊन गेले. रानातला बाज धरायला बंदी आहे, हे मी ऐकून होतो. त्यांनी गाडी झाडीत लपवली तेव्हाच मला खटकलं. सारखे मागे वळून बघत होते. परदेशी माणूस कुणाशी बोलणार, म्हणूनच मला आणलंय, असं वाटलं.

जाळ्यात पहिल्याच वर्षाचा कोवळा बाज अडकला. त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. त्याचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडत होतं. पिवळा डोळा माझ्यावरून हलत नव्हता. मोरिता-सान बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “हानासु?”

कुणाला सांगशील का, असंच मी समजलो.

“हानासानाइ,” नाही सांगणार, या अर्थानं मी ठामपणे म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली आणि पक्षी पेटीत ठेवला.

इतकी वर्षं मी त्यांना चोर म्हणत आलो. पेटीची कडी मात्र मीच लावली होती.