टँकरच्या दिवशीचं इंग्रजी

आमच्या दूध सोसायटीचा सचिव रोज फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहायचा, खाली मराठी अर्थ, आणि दिवसभर तेच वापरायचा. माझं दूध पातळ म्हणून परत करताना ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ म्हणाला होता. दुष्काळात दूध आटलं, फळा मात्र चालूच राहिला.

पाण्याचा टँकर आला त्या दिवशी सचिव रांगेत पहिला होता. मागच्या म्हातारीनं विचारलं, “साहेब, आज फळ्यावर काय लिवलंय?”

“आफ्टर यू. म्हंजे, आधी तुमी,” म्हणत तो बिचारा बाजूला झाला. मग प्रत्येक बाई तेच विचारून पुढं गेली आणि टँकर संपला.

मी त्याच्या घागरीत अर्धा हंडा ओतला. तो म्हणाला, “ताई, पाऊस पडंस्तोवर आता फळ्यावर नुसत्या शिव्या लिवतो.”