मंगळावरची माणसे आणि वत्सीचे लग्न

आमच्या वत्सीचे लग्न मंगळावरच्या माणसांपायी मोडता मोडता राहिले. (मंगळावर माणसे आहेत हे तुम्हांला मान्य नसेल, तर सगळा दोष माझ्याकडे येतो, म्हणून निदान हा लेख संपेपर्यंत तरी मान्य करा!)

त्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि माझी सारी अक्कल पत्रकांतून आलेली होती. सोलापुरात गिरणीच्या फाटकाशी कुणी पत्रके वाटू लागला की मी दोन घेई: एक वाचायला आणि एक आप्पांच्या उशाशी ठेवायला. आप्पा, म्हणजे आमचे वडील, शाळामास्तर. ते त्यावर शेंगांची फोलपटे टाकत. अशातच 'इतर ग्रहांवर बुद्धिमान प्राणी आहेत काय?' हे आठ पानी पत्रक माझ्या हाती लागले. दुर्बिणीतून मंगळावर सरळ रेघा दिसतात, ते कालवे असावेत, आणि कालवे असतील तर ते खणणारे शहाणे लोकही असावेत, असे त्यात होते. लेखकाने 'असावेत' म्हटले होते. मी 'आहेतच' असे वाचले.

त्याच महिन्यात वत्सीला, माझ्या धाकट्या बहिणीला, अकलूजचे स्थळ सांगून आले. मुलगा शिकलेला, बाप कालव्यावर इन्स्पेक्टर. अडचण एकच. वत्सीच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ! त्यापायी तीन स्थळे परत गेली होती, आणि तिसऱ्या वेळी वत्सी दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हा आईने मैंदर्गीच्या जोशीबुवांकडून नवी पत्रिका लिहून आणली. बुवांनी मंगळाचे बिऱ्हाड सातव्या घरातून उचलले आणि शेजारच्या सहाव्यात थाटून दिले. तिथे तो निरुपद्रवी असतो म्हणे!

मी खवळलो. "हे असत्य आहे! कोट्यवधी मैलांवरचा ग्रह..."

"तुझ्या कोटींना मी हात जोडते," आई म्हणाली. "उद्या पाहुण्यांसमोर पत्रिकेचं नाव काढायचं नाही. घे वत्सीची शपथ."

मी घेतली. आणि अक्षरशः पाळली. पत्रिका हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही!

पाहुणे आले. शेंगापोळी झाली, वत्सीला पाहून झाले. (मुलगाच इतका मान खाली घालून बसला होता की त्यालाच दाखवायला आणल्यासारखे वाटत होते.) इन्स्पेक्टरसाहेबांनी पत्रिका वाचली, मान डोलावली आणि घडी घालून खिशात ठेवली. सुटलो, असे वाटून आप्पांनी सुपारी कातरायला घेतली. तेवढ्यात साहेबांनी माझ्याकडे वळून सहज विचारले, "आपन काय करता?"

"सध्या मंगळाचा अभ्यास करतो."

आप्पांचा अडकित्ता थांबला.

"म्हंजे ज्योतिष?"

"छे! तिथल्या कालव्यांचा."

कालवे म्हणताच साहेब पुढे सरकले. "कालवे? तितं? खणले कुणी?"

"तिथल्या बुद्धिमान रहिवाशांनी. हजार हजार मैल, सरळ रेघेत!"

"सरळ?" साहेब खदखदून हसले. "अवो, चोवीस वर्सं कालव्यावर काढली मी. कालवा सरळ जातो व्हय कुटं? चढ आला की वळायचं, उतार धरून जायचं. सरळ खणत सुटलेत म्हंजे तितं कुणी असलं तरी येडंच असनार की!"

मंगळाच्या समस्त प्रजेचा हा अपमान! "त्यांची विद्या आपल्यापुढे आहे," मी गरजलो. "तुमच्या कालव्यासारखा त्यांचा कालवा उन्हाळ्यात आटत नाही!"

"आमच्या कालव्याचं नाव काढू नका! पानी मोजतं कोन तितं? पाळ्या ठरवतं कोन? रातीचं कुणी कालव्याचं दार उचकटलं तर?"

"तिथे कुणी उचकटतच नाही!"

"मग ते शेतकरीच न्हाईत!"

स्वयंपाकघराच्या दारातून आई डोळे वटारत होती. तिच्यामागे वत्सी तोंडात पदराचा बोळा धरून उभी होती. मला वाटले, हसते आहे. ती रडत होती.

मी उभा राहिलो. "साहेब, ध्रुवावरचं बर्फ वितळवून अख्खा ग्रह भिजवणारी ही कर्तबगार माणसं! हातातली कामं टाकून आमच्या वत्सीच्या सातव्या घरात येऊन बसायला त्यांना फुरसत तरी आहे का?"

इथे टाळ्या पडायला हव्या होत्या. पडली ती आप्पांच्या हातची सुपारी.

साहेबांनी खिशातून पत्रिका काढली, उलगडली, तिच्यावर बोट ठेवले. "सातव्या? हितं तर सहाव्यात हाय की!"

आप्पा खाली वाकून सुपारी शोधू लागले. शेवटी वत्सीच पुढे आली. डोळे पुसून म्हणाली, "सातव्यातच आहे. आईनं माझ्यासाठी खोटं केलं. तिला काही बोलू नका. दादाला बोललात तरी चालेल."

साहेबांनी मुलाकडे पाहिले. मुलगा जमिनीत शिरायच्या बेतात होता. साहेब घसा खाकरून म्हणाले, "आमच्या पोराचाबी मंगळ सातव्यातच हाय. वेळापूरच्या जोश्यानं पाचव्यात सरकवलाय."

आई किंचाळलीच. "अगंबाई! मंगळाला मंगळ!"

"याहून झ्याक जुळनार हाय व्हय कुटं? आणा साखर!"

मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा लागतो. दोन्ही घरांना मंगळच हवा होता आणि दोन्ही घरांनी तोच लपवला होता! अंधश्रद्धेवर घाव घालायला उठलेल्या माझ्या भाषणाने निव्वळ मंगळाच्या जोरावर लग्न ठरले.

"पण मंगळाचा लग्नाशी काही संबंध..." मी सुरू केले.

"गप्प बस!" सगळे एकदम ओरडले. वत्सीचा आवाज सर्वांत मोठा होता.

लग्न लागले. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि पागोटे घ्यायचे, या रानटी रूढीचा मी लेखी निषेध केलेला होता. तरी उभा राहिलो. (पागोटे चांगले होते.) कान धरला, तोच आजवर अवाक्षर न काढलेला नवरदेव हळूच कुजबुजला, "दादा, तितं खरंच कुणी असंल का हो?"

जन्मात मिळालेला पहिला श्रोता! मी थेट दुर्बिणीपासून सुरुवात केली. ध्रुव झाले, बर्फ झाले, कालवे आले. भटजी खोळंबले, पंगत खोळंबली. हजार मैलांचा पहिला कालवा संपतो न संपतो तोच आईने मागून येऊन माझा कान धरला, तेव्हा कुठे नवरदेवाचा सुटला!