जेद्द्याची फ्लाइट, हिंगोलीची वेळ

जेद्द्याहून दुपारी अडीचला सुटणारी फ्लाइट माझ्या ॲपने पाचची दाखवली. ॲप मी लिहिलेलं, चूकही माझीच.

पुण्यातल्या एका ट्रॅव्हल कंपनीसाठी मी हिंगोलीत घरी बसून काम करतो. प्रवाशाने तिकीट टाकलं की आमचं ॲप फ्लाइट, हॉटेल, गाडी असं सगळं वेळापत्रक मांडून देतं. शेजारचे सलीमभाई, हळदीचे व्यापारी, आई आणि बायकोला घेऊन जेद्द्यामार्गे मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघाले होते. मी हौसेने त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. ते तिकिटाचे कागद पिशवीत ठेवत होते, तेही मी काढून घेतले.

"कागद काहून नेऊन राहिले? ॲपमधी सगळं हाय."

"पक्कं ना, अनिलभाऊ?"

"एकदम बराबर!"

हा शब्द आठवला की अजून मान खाली जाते.

तिकिटावर छापलेली वेळ त्या त्या विमानतळाची असते. जेद्द्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथे अडीच वाजतात तेव्हा आपल्याकडे पाच. ॲप प्रत्येक वेळ प्रवाशाच्या टाइम झोनमध्ये बदलून दाखवायचं आणि हा टाइम झोन मी नाव नोंदवतानाचाच कायम धरला होता. सलीमभाईंनी नाव नोंदवलं माझ्या घरी. म्हणजे माणूस जेद्द्यात पोचला तरी ॲपच्या लेखी तो अजून माझ्या सोफ्यावर चहा पीत होता. जातानाची फ्लाइट मुंबईची, त्यामुळे वेळ बरोबर निघाली आणि त्यांचा विश्वास आणखी घट्ट झाला.

परतीच्या दिवशी मी दुपारी जेवत होतो. सलीमभाईंचा फोन आला, थेट जेद्द्याच्या विमानतळावरून.

"तुमचं ॲप पाच म्हणतंय, काउंटरवाला अडीच म्हणून राहिला. काहून?"

माझा घास हातातच राहिला. तिथले पाच धरून निघाले असते तर ते पोचेपर्यंत काउंटर बंद झालं असतं. म्हातारी आई सोबत, परका मुलूख आणि तिकिटाचे कागद माझ्या टेबलावर.

"पण तुमी आत्ताच कसे पोचले?"

"अम्मीमुळं."

सलीमभाईंच्या आईला आम्ही खाला म्हणतो. खालांनी मनगटावरचं घड्याळ मक्केतसुद्धा हिंगोलीच्या वेळेवरच ठेवलं होतं. नमाजाची वेळ अजान सांगते. घड्याळ फक्त घरची नातवंडं शाळेतून आली असतील का, हे बघायला. फ्लाइट पाचची म्हटल्यावर त्यांनी आपल्या घड्याळातले पाच धरले. हॉटेलात साडेदहा वाजले तसा त्यांनी "एक वाजला, उठा" असा धोशा लावला. मुलाने समजावलं, सुनेने समजावलं. त्या बॅग उचलून सरळ खाली टॅक्सीत जाऊन बसल्या. मग काय, दोघं निमूट मागून गेले.

माझं ॲप कसं वाचायचं हे अख्ख्या प्रवासात एकट्या खालांना कळलं होतं.

मी मॅनेजर मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.

"टेस्टिंग केलं होतंस ना?"

"केलं होतं, मॅडम. सगळ्या वेळा बरोबर आल्या."

"कुठे बसून?"

"हिंगोलीत."

"फोनचं घड्याळ?"

"तेही हिंगोलीचंच."

आणखी किती प्रवासी परदेशात आहेत, एवढंच त्यांनी मग विचारलं. संध्याकाळच्या आत प्रत्येकाला खरी वेळ कळवली. मी मेसेजमध्ये "तांत्रिक कारणामुळे" लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडून "आमच्या चुकीमुळे" केलं.

आता ॲप विमानतळाचीच वेळ दाखवतं आणि शेजारी गावाचं नाव लिहितं: दुपारी अडीच, जेद्दा. एका शब्दाचं काम होतं. वेळ कुणाची ते सांगितलं नाही, तर नुसत्या आकड्याला अर्थ नसतो.

सलीमभाई परतल्यावर मी त्यांचे कागद घेऊन भेटायला गेलो. त्यांनी ते एकेक मोजून पिशवीत ठेवले. खालांनी खजूर आणि मक्केतल्या जमजम विहिरीचं पवित्र पाणी पुढे केलं.

"खाला, माफ करा. माझ्यामुळं तुमाला तकलीफ झाली असती."

खालांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"ॲप चांगलं हाय बाबा तुझं. फकस्त हिंगोलीच्या भायेर नेऊ नये."