पिठाची ती ओळ

मरोळच्या आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्यांना इंटरनेटवर स्वतःला कसं जपायचं ते मी शिकवते. पासवर्ड, फसव्या लिंका, कुठल्या अ‍ॅपला काय बघू द्यायचं, सगळं. इन्कॉग्निटो उघडलं की आपण अदृश्य झालो असं समजणाऱ्यांची मी यथेच्छ खेचते. "अरे, ते फक्त तुझ्या बायकोपासून लपवतं, जगापासून नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. वर्ग हसतो आणि मी जरा फुगते.

बाळंतपणाच्या रजेवर बोरिवलीच्या घरी असताना माझ्यावरच लपायची वेळ आली. आणि लपायचं कारण एकच होतं. माझं बाळ मला आवडत नव्हतं.

दीड महिन्याचा मुलगा, गुटगुटीत, सगळ्यांच्या मते बापासारखा. तो रडायला लागला की वाटायचं, शेजारीण तासाभरासाठी हे मूल ठेवून गेलीय, अजून परत कशी आली नाही. नवऱ्याला हे सांगायला तोंड उघडेना. सासूबाई माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत होत्या, त्यांना काय सांगणार. शिवाय सासरचा गोतावळा असा, की सकाळी मी बोरिवलीत शिंकले तर दुपारी घाटकोपरहून काढा कसा करायचा ते कळवलं जातं. मी हे एकीपाशी जरी बोलले असते तरी पुढे पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी लग्नाच्या पंगतीत माझ्या मुलाला ऐकवलं असतं, तुझ्या आईला तू नकोसा होतास म्हणून. त्याला कधी कळायचंच असेल तर ते माझ्या तोंडून कळावं, दुसऱ्या कुणाच्या नाही. मला एवढंच वाचवायचं होतं.

म्हणून नव्या आयांसाठी मराठीत चालणाऱ्या एका साइटवर मी टोपणनावाने गेले. फोन नंबर न मागणारा नवा ईमेल काढला. घरच्या वायफायवरून कुठे गेले ते दिसू नये म्हणून व्हीपीएन लावला. गाव नाशिक सांगितलं, मुलाची मुलगी केली, वयात चार वर्षं वाढवली. माझ्या वर्गात कुणी एवढं केलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

मग मनातलं सगळं ओकले. लिहिण्याच्या भरात सटवाईचंही लिहिलं. सहाव्या दिवशी ती बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पुष्कळ घरांत तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवतात. आमच्याकडे पाटावर तांदळाचं पीठ पसरतात आणि सकाळी ते आईने एकटीने जाऊन बघायचं असतं. (खरी रीत वेगळी आहे, ती इथेही लिहीत नाही. आता मी शहाणी झालेय, तेव्हा पिठावर भागवून घ्या.) मी लिहिलं, "सकाळी पीठ कोरंच होतं. मला वाटलं, सटवाईलासुद्धा या बाळाकडे बघावंसं वाटलं नाही."

मी मुलुंडची. माहेरी देशावरच्या रीती. सासरी जे करतात ते सगळ्या कोकणात करत असणार, असं मी धरून चालले होते. कुणाला विचारायचं सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला पाजताना एक खासगी निरोप आला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे.

"गो बाय, पिठाची ओळ आधी काडून टाक. ही रीत आमच्या वाडीतल्या पाच घरांतच आसा. वाचणाऱ्याक कळतला. तू कोण ता माका कळला नाय असा समज. आणि डॉक्टराक दाखय. माका पण असाच झालेला."

बाळाला तसंच एका हाताने धरून मी ती ओळ पुसली. पाच घरं म्हणजे माझ्या नवऱ्याची भावकी. एवढी कुलपं लावून बसले होते आणि कुणीतरी मला चुलीपाशी, घरच्या पिठावरून ओळखलं होतं.

चार दिवस फोन वाजला की आधी तो घाटकोपरचा तर नाही ना ते बघायचे. पण कुणी काही बोललं नाही. कुणाची नजर बदलली नाही. हळूहळू भीतीच्या जागी नवल वाटायला लागलं. या घराण्यात कुणाला दिवस गेले की तिला कळायच्या आत मावससासूला कळतं, आणि त्यातलीच एक बाई माझं एवढं मोठं गुपित पोटात घालून गप्प होती. तिचं स्वतःचंही एक होतं, तेही तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. तिला व्हीपीएन कशाशी खातात ते तरी माहीत असेल की नाही, देव जाणे. मी थक्क झाले होते. अजून आहे.

मी नवऱ्याला सांगितलं. तो आधी घाबरला, मग डॉक्टरकडे सोबत आला. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. चौथ्या महिन्यात केव्हातरी मुलगा झोपेत हसला आणि मी त्याच्याकडे बघत बसले, दूध उतू जाईपर्यंत.

सातव्या महिन्यात उष्टावण केलं. पाचही घरांतल्या बायका आल्या, सांताक्रूझहून, घाटकोपरहून. सासूबाई धरून अकरा. जेवणं झाल्यावर सगळ्या चटईवर टेकल्या, फोन जवळच पडलेले. मी ओट्यापाशी उभी राहून त्या आकड्यांना निरोप टाइप केला, "थँक यू." आता पाठवायचा आणि कुणाचा फोन उजळतो ते बघायचं. बस्स, एवढं सोपं होतं.

बोट पुढे गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. वर्गात जी युक्ती चोरांची म्हणून शिकवते, ती मी तिच्यावर लावत होते. निरोप खोडला.

पण आभार तर मानायचे होते. बाहेर गेले आणि टोकापासून एकेकीच्या पाया पडत सुटले. धाकटी जाऊ पाय आखडून घेत म्हणाली, "येडी झालीस काय गं, मी तुझ्याहून लहान आहे." सासूबाई म्हणाल्या, "करू दे गो तिका." अकराव्या बाईपर्यंत मी थांबले नाही. डोक्यावर हात सगळ्यांनी ठेवला, पण कुणीही तो दुसरीपेक्षा जराही जास्त वेळ ठेवला नाही.