चुलत्याचा फोन
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की अजून हात खिशातल्या फोनकडं जातो. त्या दिवशी घनसावंगीहून जीपनं गावाकडं निघाल्तो. कारखाना लागला अन् चुलत्याचा फोन आला, "तुझी माय सिरियस हाय, जल्दी ये." आमच्याकडं मरण फोनवर सांगत न्हाईत, माणूस गेलं तरी सिरियसच म्हणतात, वाटेत धीर सुटू नये म्हणून. फोनवरचं ऐकून ड्रायव्हरनं गाणी बंद केली. शेजारी बसलेली बाई माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली, तसा मी रडायला लागलो. घरी पोचलो तर सलाईन लावलेली माय खाटेवर बसल्ती. "कामून रडून राह्यला? जित्ती हाय मी." परवा मायला खाटेवरून खाली घेतल्यावर मीच धाकट्या भावाला फोन लावला, "माय सिरियस हाय, जल्दी ये." त्यानं काहीच विचारलं न्हाई.